विद्युत पोलादाची दिशासापेक्ष चुंबकीय वर्तणूक आणि तिचे प्रतिमानीकरण

प्रस्तावना

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) गाभ्याचा विचार बहुधा एकाच चुंबकन-वक्राच्या आधारे केला जातो. आडव्या अक्षावर चुंबकीय क्षेत्राची तीव्रता, उभ्या अक्षावर अभिवाह घनता आणि दोहोंना जोडणारी, एका उंचीनंतर वाकून जवळजवळ सपाट होणारी रेषा. एवढ्यावर गाभ्याच्या पोलादाची ओळख पुरी झाली असे मानले जाते. हा वक्र पत्र्याच्या कोणत्या दिशेतील आहे, हा प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित होतो. वस्तुतः रोहित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या दिशाभिमुख पोलादाच्या बाबतीत दिशा न सांगता दिलेला वक्र अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो. एकच पत्रा लाटण-दिशेत सहज चुंबकित होतो, तर तिच्याशी तिरप्या दिशेत हट्टाने विरोध करतो.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही. रोहित्रावर भार असो वा नसो, ते विद्युतपुरवठ्याशी जोडलेले असेपर्यंत गाभ्यातील ऊर्जाक्षय अहोरात्र चालू राहतो. हा क्षय आधी संगणकावर अजमावून मगच गाभ्याची रचना ठरविण्याची पद्धत आता रूढ झाली असून, त्या आकडेमोडीची विश्वासार्हता पोलादाच्या प्रतिमानावर अवलंबून असते. दोन परस्परलंब दिशांतील मोजमापांवरून मधल्या सर्व दिशांचे अनुमान काढण्याची प्रचलित रीत नेमकी कोठे फसते आणि तिच्याऐवजी कोणते मार्ग उपलब्ध आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दिशाभिमुख पोलादाची घडण

लोखंडात सिलिकॉन मिसळल्यास त्याचा चुंबकीय ऊर्जाक्षय घटतो, हे इंग्लंडमधील शेफील्डचे धातुतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी बॅरेट व ब्राउन यांच्या सहकार्याने १९०० च्या सुमारास दाखवून दिले. सुमारे तीन टक्के सिलिकॉनमुळे लोखंडाचा विद्युतरोध चार ते पाच पटींनी वाढतो व पत्र्यात निर्माण होणाऱ्या आवर्त प्रवाहांना आळा बसतो. मात्र हे पोलाद तप्त अवस्थेत लाटले जात असल्याने त्यातील स्फटिककणांची मांडणी विस्कळीत राहत असे. अमेरिकन धातुतज्ज्ञ नॉर्मन गॉस यांना १९३४ मध्ये मिळालेल्या एकस्वामुळे (पेटंटमुळे) चित्र पालटले. थंड अवस्थेतील लाटण आणि अनुशीतन यांचा आलटून-पालटून प्रयोग केल्यास स्फटिककण एका ठराविक पद्धतीने रांगेत बसतात, हे त्यांच्या प्रक्रियेचे फलित होते. आज ही मांडणी 'गॉस पोत' या नावानेच ओळखली जाते. १९६८ पासून जपानमधील निप्पॉन स्टीलने अधिक काटेकोर मांडणीचे 'हाय-बी' पोलाद बाजारात आणले. नेहमीच्या दिशाभिमुख पोलादात कणांचे आदर्श स्थितीपासूनचे विचलन सरासरी सुमारे सात अंश असते. हाय-बी प्रकारात ते सुमारे तीन अंशांवर आले.

भारतात या पोलादाचे उत्पादन मर्यादित असून गरजेचा मोठा भाग आयातीवर भागतो. देशांतर्गत उत्पादनात नाशिक परिसरातील कारखान्याचे स्थान महत्त्वाचे आहे. हा कारखाना २०२५ च्या प्रारंभी थिसेनक्रुप समूहाकडून जेएसडब्ल्यू व जेएफई यांच्या भारतीय-जपानी संयुक्त उपक्रमाकडे गेला.

स्फटिकाचे अक्ष आणि पंचावन्न अंशांचा कोन

दिशासापेक्षतेचे मूळ लोखंडाच्या स्फटिकात आहे. लोखंडाचा एकक स्फटिक घनाकृती असून घनाच्या कडेची दिशा चुंबकनास सर्वांत सुलभ, पृष्ठकर्णाची दिशा मध्यम आणि अंतःकर्णाची दिशा सर्वांत कठीण असते. होंडा व काया या जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये लोखंडाच्या एकेकट्या स्फटिकांवर मोजमाप करून हा क्रम निःसंदिग्धपणे दाखविला. घनाच्या कडेपासून चुंबकन वळविण्यास लागणारी ऊर्जा एका स्थिरांकाने मोजतात. तीन टक्के सिलिकॉनच्या पोलादासाठी तो दर घनमीटरला सुमारे ३५ हजार जूल इतका आहे. चुंबकन पृष्ठकर्णाकडे वळविण्यास या स्थिरांकाच्या एक चतुर्थांश, तर अंतःकर्णाकडे वळविण्यास एक तृतीयांश ऊर्जा लागते.

आता गॉस पोताचा पत्रा डोळ्यांसमोर आणावा. त्यातील प्रत्येक घन जणू एका कडेवर उभा आहे. त्याची एक कड बरोबर लाटण-दिशेत असते. लाटण-दिशेशी काटकोनातील, म्हणजे पत्र्याच्या रुंदीतील, दिशेत पृष्ठकर्ण येतो. मग अंतःकर्ण कोठे येतो? तो पत्र्याच्याच प्रतलात, लाटण-दिशेशी ५४.७ अंशांचा कोन करून असतो. म्हणजे गॉस पोताच्या पत्र्याची सर्वांत कठीण दिशा नव्वद अंशांवर नसून पंचावन्न अंशांच्या आसपास आहे. 'लाटण-दिशा उत्तम, काटकोनातील दिशा सर्वांत वाईट' असा जो सार्वत्रिक समज आहे, तो या पोलादाला लागू पडत नाही.

ही गोष्ट आकड्यांत मांडणेही अवघड नाही. पोलादातील सूक्ष्म डोमेन केवळ सुलभ अक्षांच्या दिशेनेच चुंबकित असतात आणि क्षेत्र लावल्यावर डोमेनांमधील भित्ती सरकून अनुकूल डोमेन वाढतात, असे गृहीत धरावे. चुंबकनाचे प्रत्यक्ष परिवलन, म्हणजे सुलभ अक्ष सोडून वळणे, तूर्त विचारात घेऊ नये. कारण त्याला पुष्कळ अधिक तीव्रतेचे क्षेत्र लागते. या पोलादाची संपृक्तता सुमारे २.०३ टेस्ला आहे. क्षेत्र लाटण-दिशेत असल्यास ती जवळजवळ संपूर्ण हाती येते. क्षेत्र ३० अंशांनी कलते असल्यास लाटण-दिशेतील चुंबकनाचा क्षेत्राच्या दिशेतील घटक १.७६ टेस्ला, ४५ अंशांना १.४४ टेस्ला आणि ५४.७ अंशांना केवळ १.१७ टेस्ला भरतो. त्यापुढे पत्र्याच्या पृष्ठाशी ४५ अंश करून असलेले दुसरे दोन सुलभ अक्ष अधिक अनुकूल ठरू लागतात, त्यामुळे आकडा पुन्हा चढतो व ९० अंशांना १.४४ टेस्लावर येतो. ४५ व ९० अंशांची मूल्ये समान यावीत, हा निव्वळ भूमितीचा परिणाम आहे. प्रत्यक्ष पत्र्याचे वक्र याहून मवाळ असतात, कारण कण पूर्णपणे रांगेत नसतात. परंतु वक्र जेथे वाकतो ती उंची या साध्या हिशेबाच्या जवळपासच राहते.

एका आनुषंगिक परिणामाचा उल्लेख येथे करावयास हवा. लाटण-दिशेतील चुंबकनात डोमेन एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे असतात आणि त्यांच्यामधील भित्ती सरकल्याने पत्र्याची लांबी बदलत नाही. काटकोनातील चुंबकनात मात्र डोमेनांचे चुंबकन नव्वद अंशांनी अक्ष बदलते व पत्रा आकुंचन-प्रसरण पावतो. रोहित्राचा जो गुणगुणता आवाज सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यात गाभ्याच्या सांध्यांजवळील अशा तिरप्या चुंबकनाचा वाटा मोठा असतो.

मोजमापातील अडचण

प्रतिमानाकडे वळण्यापूर्वी ते ज्या मोजमापांवर उभारावयाचे, त्यांची परीक्षा करणे आवश्यक आहे. एपस्टाइन चौकटीत ३० मिलिमीटर रुंदीच्या व किमान २८० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या वापरतात. लाटण-दिशेत कापलेल्या पट्टीबाबत काहीच अडचण येत नाही. तिरप्या कापलेल्या पट्टीत मात्र चुंबकन लाटण-दिशेकडे झुकू पाहते, आणि पट्टीच्या कडांवर चुंबकीय ध्रुव निर्माण होऊन ते या झुकण्याला विरोध करतात. परिणामी अभिवाह पट्टीच्या लांबीतच वाहण्यास भाग पडतो. तो लांबीतच वाहावा यासाठी तीनही सुलभ अक्षांवरील डोमेनांचे असे मिश्रण व्हावे लागते की, आडवा घटक शून्य होईल.

अशा मिश्रणाची कमाल मर्यादाही भूमितीने काढता येते. संपृक्ततेला त्या दिशेच्या तीन दिक्-कोसाइनांच्या बेरजेने भागावे, असा हा नियम असून तो काया यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार ३० अंशांवर कापलेल्या अरुंद पट्टीसाठी १.२९ टेस्ला एवढेच मूल्य येते. वर मुक्त चुंबकनासाठी याच कोनाला १.७६ टेस्ला मिळाले होते. दहा अंशांना ही दोन मूल्ये अनुक्रमे १.६५ व २.०० टेस्ला आहेत. ५४.७ आणि ९० अंशांना मात्र दोन्ही हिशेब एकच उत्तर देतात, कारण त्या दिशांभोवती सुलभ अक्षांची मांडणी सममित असते.

तात्पर्य असे की, मधल्या कोनांसाठी 'या पोलादाचा वक्र कोणता?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. क्षेत्राची दिशा पक्की धरली तर एक वक्र मिळतो, अभिवाहाची दिशा पक्की धरली तर दुसरा. दोहोंत पदार्थ तोच असतो. केवळ क्षेत्र व अभिवाह यांच्यातील कोनाला मोकळीक आहे की नाही, एवढाच फरक. यामुळेच या पोलादाच्या वर्णनाला अदिश वक्र पुरत नाही, सदिश संबंध लागतो. तिरप्या पट्ट्या एकाआड एक विरुद्ध कोनांत रचल्यास एका पट्टीच्या कडेवरील ध्रुव शेजारच्या पट्टीने निष्प्रभ होतात व मुक्त चुंबकनाजवळची स्थिती साधता येते. रचना सोपी आहे. परंतु अहवालात ती नमूद केली नाही, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे विनाकारण परस्परविरोधी वाटतात.

प्रचलित प्रतिमाने

सर्वांत जुने व आजही सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिमान लंबवर्तुळाचे आहे. लाटण-दिशा व काटकोनातील दिशा यांचे दोन वक्र मोजावेत आणि मधल्या दिशांसाठी त्या दोहोंना लंबवर्तुळाने जोडावे, एवढीच त्याची कल्पना आहे. सांत घटक पद्धतीच्या (फायनाइट एलिमेंट) अनेक संगणक-प्रणालींत दोन अक्षांचे दोन वक्र भरण्याची सोय असते, ती याच विचारातून आलेली आहे. अभिवाह मुख्यत्वे लाटण-दिशेतच राहणार असेल, तर हे प्रतिमान पुरेसे असते व त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु लंबवर्तुळाची त्रिज्या शून्य अंशांपासून नव्वद अंशांपर्यंत एकसारखी घटत जाते. मध्येच खाली उतरून पुन्हा चढणे तिच्या स्वभावात नाही. वरील आकडे घेऊन, म्हणजे एक अर्धाक्ष २.०३ व दुसरा १.४४ टेस्ला धरून, लंबवर्तुळ काढल्यास ५४.७ अंशांना सुमारे १.५७ टेस्ला मिळतात. खरे मूल्य १.१७ टेस्ला आहे. पदार्थ जेथे सर्वांत कठीण, नेमके तेथेच प्रतिमान त्याला एक तृतीयांशाने अधिक उदार ठरवते. ही चूक मोजमाप अधिक अचूक केल्याने दूर होणारी नाही. ज्या दोन दिशांत मोजले, त्या दोहोंतही ती दिसत नाही.

मग दर पाच-दहा अंशांना एक वक्र मोजून त्यांचा तक्ताच का वापरू नये? अनेकांनी तसे केले आहे; परंतु येथे एक अटळ भौतिक अट आडवी येते. ऊर्जाक्षय बाजूला ठेवला, तर चुंबकनाचे एक पूर्ण आवर्तन करून मूळ स्थितीला परत आल्यावर निव्वळ कार्य शून्य असले पाहिजे. तक्त्यातील संख्या मनास येईल तशा जोडल्यास ही अट मोडते आणि संगणकातील पदार्थ फुकटात ऊर्जा निर्माण करू लागतो. गणिताच्या भाषेत, क्षेत्राच्या एका घटकाचा अभिवाहाच्या दुसऱ्या घटकानुसार काढलेला आंशिक अवकलज आणि त्याच्या उलटचा अवकलज समान असले पाहिजेत. ते समान नसतील तर न्यूटन-रॅफ्सन पद्धतीतील आव्यूह असममित होतो व उत्तर अभिसरण पावण्यात अडचणी येतात. संगणकावर हे काम करणाऱ्यास प्रणालीचे हे अडखळणे परिचित असते. त्याचे खापर बहुधा जालाच्या (मेशच्या) बारकाव्यावर फोडले जाते. मूळ दोष पुष्कळदा तक्त्यात असतो.

या अडचणीवर ऊर्जेचाच आधार घेणारी प्रतिमाने हा सरळ उपाय आहे. क्षेत्र व अभिवाह यांचा संबंध थेट न जोडता, आधी ऊर्जा-घनतेचे किंवा सह-ऊर्जेचे एक अखंड फलन मोजमापांवरून बसवावे आणि त्याच्या अवकलनाने दुसरी राशी मिळवावी. मग वरील समानता आपोआप पाळली जाते आणि दोन सदिशांमधील कोनही वेगळे गृहीतक न करता हाती येतो. सिल्व्हेस्टर व गुप्ता यांनी १९९१ मध्ये, तर पेरा, ओसार व वेकर्ले यांनी १९९३ मध्ये या दिशेने केलेले काम पायाभूत मानले जाते. या फलनाच्या समऊर्जा-रेषांना पंचावन्न अंशांजवळ योग्य खाच देणे, हे यातील खरे कौशल्य आहे. आणि त्यासाठी त्या कोनाजवळची मोजमापे हाताशी असावी लागतात.

याहून वेगळा मार्ग स्फटिकाकडून पत्र्याकडे येतो. लुई नेएल यांनी १९४४ मध्ये लोखंडाच्या एका स्फटिकाचे चुंबकन टप्प्याटप्प्याने कसे होते, याचा सिद्धांत मांडला. पहिल्या टप्प्यात किती अक्षांवरील डोमेन शिल्लक असतात, त्यांतील कोणते कधी नाहीसे होतात व परिवलन कधी सुरू होते, हे त्यातून ठरते. इटलीतील तोरिनो येथील फ्योरिल्लो व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याच सिद्धांताचा विस्तार करून, केवळ लाटण-दिशा आणि काटकोनातील दिशा यांच्या मोजमापांवरून कोणत्याही दिशेतील चुंबकन-वक्र, मंदायन-वलय (हिस्टेरिसिस लूप) व ऊर्जाक्षय काढण्याची पद्धत दाखविली. येथेही मोजमापे दोनच दिशांची आहेत, हे लक्षणीय आहे. लंबवर्तुळ त्याच दोन दिशांवरून फसते, कारण त्याला स्फटिकाची सममिती ठाऊक नसते. या पद्धतीत ती आधीच अंतर्भूत असते.

नेएल-पद्धतीची मर्यादा अशी की, ती पत्र्याला जवळजवळ एकाच स्फटिकासारखे मानते. गॉस पोताला ते शोभते. फिरत्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या अदिशाभिमुख पोलादाला ते मुळीच शोभत नाही. या पोलादाचे नाव काहीसे फसवे आहे. त्यातही लाटण-दिशा व इतर दिशा यांच्या चुंबकनात व क्षयात जाणवण्याइतका फरक असतो. तेथे कणांच्या दिशा-वितरण फलनाचा आधार घ्यावा लागतो. जर्मन शास्त्रज्ञ बुंगे यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या या फलनात क्ष-किरण विवर्तनाने मोजलेला पोत गणिती मालिकेत मांडला जातो आणि त्यावरून पत्र्याच्या प्रत्येक दिशेतील सरासरी चुंबकीय ऊर्जा काढता येते. दिशाभिमुख पोलादात मात्र एकेक कण मिलिमीटरांपासून सेंटिमीटरांपर्यंत मोठा असतो. ३० मिलिमीटरांच्या पट्टीच्या रुंदीत असे मोजकेच कण मावतात, म्हणून 'सरासरी' या शब्दाचा आधारच तेथे कमकुवत होतो.

मंदायन व परिभ्रमी क्षय

आतापर्यंतचे विवेचन मंदायन वगळून केले. ते समाविष्ट करताच प्रश्न अधिक बिकट होतो, कारण क्षेत्र व अभिवाह यांच्यातील कोनाला आता दोन कारणे असतात. एक दिशासापेक्षता आणि दुसरे मागे रेंगाळणे. प्राइझाख यांचे १९३५ चे प्रतिमान किंवा जाइल्स व ॲथर्टन यांचे १९८० च्या दशकातील प्रतिमान मुळात एकाच दिशेसाठी आहे. मायरगोइझ यांनी प्राइझाख प्रतिमान प्रत्येक दिशेत एकेक असे कल्पून त्यांची सदिश बेरीज करण्याची युक्ती योजिली. एनोकिझोनो व सहकाऱ्यांनी जपानमध्ये याउलट भूमिका घेतली. त्यांनी क्षेत्र व अभिवाह हे दोन्ही सदिश थेट मोजून त्यांच्यातील संबंधाचे गुणांक निश्चित केले. पहिल्या मार्गात सैद्धांतिक नेटकेपणा आहे, दुसऱ्यात मोजमापाशी इमान आहे. अभियंत्याला सामान्यतः दुसरा अधिक उपयोगी पडतो, मात्र त्यासाठी लागणारी उपकरणे सामान्य महाविद्यालयीन प्रयोगशाळेत नसतात.

या सर्वांची कसोटी रोहित्राच्या गाभ्यात एका विशिष्ट जागी लागते. तीन स्तंभांच्या त्रिकला रोहित्रात मधला स्तंभ आडव्या जोखडाला जेथे मिळतो, तेथे तीन कलांचे अभिवाह वेगवेगळ्या क्षणी येतात-जातात. परिणामी तेथील अभिवाह केवळ मागे-पुढे न होता काही भागात फिरू लागतो आणि एका आवर्तनात लाटण-दिशेशी निरनिराळे कोन करतो. कोपऱ्यांवरील पत्रे ४५ अंशांत कापल्याने अभिवाह सांध्यापर्यंत लाटण-दिशेत राहतो. मधल्या सांध्यावर हा उपाय अंशतःच साधतो. चांगल्या हाय-बी पत्र्याचा क्षय लाटण-दिशेत १.७ टेस्ला व ५० हर्ट्झला दर किलोग्रॅममागे सुमारे एक वॅट असतो. रुंदीच्या दिशेत तो काही पट होतो, आणि फिरत्या अभिवाहाचा क्षय केवळ मागे-पुढे होणाऱ्या अभिवाहावरून सांगता येत नाही. लंबवर्तुळाच्या प्रतिमानावर बेतलेली आकडेमोड नेमकी याच सांध्यावर अभिवाहाला प्रत्यक्षाहून सुगम वाट दाखविते. तेथे एकवटणारा क्षय मग हिशेबात कमी दिसतो व कारखान्यातील चाचणीत अधिक निघतो.

स्फटिक जितके अचूक रांगेत, तितका क्षय कमी, हे विधानही शेवटपर्यंत टिकत नाही. सुलभ अक्ष पत्र्याच्या पृष्ठाशी सुमारे दोन अंशांनी कलता असल्यास क्षय किमान होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. कारण अगदी अचूक मांडणीत डोमेन फार रुंद होतात व भित्तींच्या वेगवान हालचालीमुळे जास्तीचा क्षय उद्भवतो. लेसरने पत्र्यावर सूक्ष्म रेघा ओढून डोमेन अरुंद करण्याचे तंत्र १९८० च्या दशकात आले ते याच कारणाने. अशा पत्र्यासाठी केवळ स्फटिकाच्या भूमितीवर उभारलेले प्रतिमान पुरत नाही. डोमेनांच्या रुंदीचाही त्यात समावेश करावा लागतो.

महाविद्यालयीन स्तरावर यातील किती भाग प्रत्यक्ष करता येईल, हा प्रश्न उरतो. परिभ्रमी क्षयाच्या मापनासाठी चौरस वा षट्कोनी नमुन्याला दोन किंवा तीन बाजूंनी उत्तेजित करणारी यंत्रणा लागते. तीत क्षेत्र मोजणाऱ्या वेटोळ्याचा कोन किंचितही चुकला, तर घड्याळाच्या दिशेने व उलट दिशेने फिरविताना वेगवेगळा क्षय दिसतो, आणि दोहोंची सरासरी घ्यावी लागते; दिशाभिमुख पोलादात हा फरक विशेष मोठा असतो. एपस्टाइन चौकट मात्र अनेक ठिकाणी उपलब्ध आहे. शून्य व नव्वद अंशांच्या पट्ट्यांबरोबर पंचावन्न अंशांत कापलेल्या पट्ट्यांचा एक संच तीत तपासल्यास, आणि तिरप्या पट्ट्या समांतर रचल्या की एकाआड एक विरुद्ध कोनांत, हे नोंदवून ठेवल्यास, वापरात असलेली संगणक-प्रणाली कोणत्या कोनापासून अविश्वसनीय होते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांवरून ठरविता येते.